विंचूदंश, रक्तवाहिन्यांचे आकुंचन आणि स्त्री-पुरुषभेद

रत्नागिरी जिल्ह्यात व त्याच्या उत्तरेस महाडच्या परिसरात तांबड्या विंचवाचा दंश दीर्घकाळ प्राणघातक मानला जाई. या दंशाच्या उपचाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाविषयीच्या ज्ञानाचा इतिहास होय.

या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात व ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन या द्रव्यांचा रक्तात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आणि या अवरोधाशी झगडणारे हृदय थकले म्हणजे फुप्फुसांत पाणी साठते. या द्रव्यांचे संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहींचे अल्फा व बीटा असे दोन वर्ग रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली कल्पिले. ढोबळ मानाने पहिल्याने रक्तवाहिनी आवळते, दुसऱ्याने सैलावते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अल्फा-ग्राही रोखणारे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर योजिले. त्याविषयीचा त्यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली दाखविले.

परंतु हा आकुंचनाचा संदेश सर्व शरीरांत सारखाच उमटतो काय? नाडीपरीक्षेच्या परंपरेत पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहतात. तो भेद संकेताचा होता. प्रयोगांनी दाखविलेला भेद निराळा आहे. नॉरॲड्रेनलिन अल्प मात्रेत दिले असता तरुण स्त्रियांच्या अग्रबाहूतील रक्तवाहिन्या पुरुषांच्या मानाने कमी आवळतात. बीटा-ग्राही रोखले की हा भेद बहुतांशी मावळतो. म्हणजे स्त्रीशरीरात आकुंचनास एक प्रतिभार असतो, आणि रजोनिवृत्तीनंतर तो क्षीण होतो. उलट, थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या अवाजवी आवळण्याचा, १८६२ साली मोरिस रेनो यांनी वर्णिलेला विकार स्त्रियांतच अधिक आढळतो.

तेव्हा विंचूदंश स्त्रियांना सौम्य असतो, असे अनुमान काढणे अनुचित होय. प्रयोगातील अल्प मात्रा आणि विषाने आणलेला पूर यांत महदंतर आहे. निष्कर्ष एवढाच की, ‘आकुंचन’ हा शब्द एक असला, तरी त्याखालील क्रिया स्थानपरत्वे, वयपरत्वे व लिंगपरत्वे भिन्न आहेत. रुग्णनोंदीतील ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ हा शब्द म्हणूनच केवळ ओळखीची खूण न मानता शरीरक्रियेचे एक अंग म्हणून वाचला पाहिजे.