नळी, घड्याळ आणि एक हट्टी प्राध्यापक

पाक एकतारी झाला की नाही हे आपल्याकडे चिमटीत धरून बघतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा माल पारखायची रीतही काहीशी अशीच आहे, हे माझ्या पुतणीने सांगितलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली. ती बाटल्यांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते.

या प्लास्टिकला पेट म्हणतात. त्याचे थोडे दाणे ठराविक द्रावकात विरघळवायचे, ते द्रावण काचेच्या बारीक नळीतून वाहू द्यायचं आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. नुसत्या द्रावकापेक्षा जितका जास्त वेळ, तितकी श्यानता, म्हणजे दाटपणा, जास्त. त्यावरून रेणूंच्या साखळ्या किती लांब आहेत ते कळतं. साखळ्या आखूड झाल्या की बाटली कमजोर. दाणे दमट असताना वितळवले, तर पाणीच या साखळ्या तोडतं!

मी पडलो कला शाखेचा माणूस. मला प्रश्न पडला, ही साखळी मुळात कुणाला दिसली? इतिहास वाचू लागलो आणि हर्मान स्टाउडिंगर भेटला.

१९२० साली या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडलं की रबरासारखे पदार्थ म्हणजे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्या आहेत. तेव्हाचे बरेच जाणकार म्हणत, छे, हे तर लहान रेणूंचे नुसते पुंजके! एवढा मोठा रेणू असूच शकत नाही. भले भले विरोधात होते, पण हा गडी हटला नाही. १९२६ पासून फ्रायबुर्गला त्याने काम चालू ठेवलं. साखळी डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. मग त्याने द्रावणांचा दाटपणा मोजला आणि १९३० च्या सुमारास दाटपणा व रेणूचं वजन यांचं नातं सांगणारा नियम मांडला.

गंमत म्हणजे नियम पुरता बरोबर नव्हता. त्याला साखळ्या काठीसारख्या ताठ वाटत होत्या, त्या निघाल्या दोऱ्यासारख्या लवचिक. इतरांनी सूत्र दुरुस्त केलं, पण मूळ मुद्दा टिकला. १९५३ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा त्याचं वय होतं ७२!

पेटचा शोध त्याआधीच, १९४१ साली, इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला होता. तो धाग्यासाठी. बाटलीचं पेटंट नथॅनिएल वायथ या अमेरिकन अभियंत्याला मिळालं १९७३ साली. कापडाच्या धाग्याला साखळ्या थोड्या आखूड चालतात, बाटलीला लांब लागतात. जुन्या बाटल्या वितळवून नवा माल करताना तर ही तपासणी फारच महत्त्वाची, कारण प्रत्येक वितळण्यात साखळ्या थोड्या तुटतात.

ज्या मोजमापाने एके काळी एवढा मोठा रेणू असतो की नाही याची साक्ष दिली, ते आज कारखान्यात रोजचं काम झालं आहे. एका माणसाच्या हट्टाचं याहून चांगलं चीज काय व्हायचं?