घरातील छायाचित्रणासाठी प्रकाशयोजना (उमापूर परिसर)

घराच्या आतील भागाचे छायाचित्र घेताना तेथील नैसर्गिक उजेड आणि दिव्यांचा उजेड यांची दिशा, तीव्रता, रंग व मऊपणा ठरवण्याची रीत. खोली, तिच्यातील वस्तू आणि माणसे एकाच चित्रात नीट दिसावीत हा तिचा एक हेतू. घरात उजेड ज्या बाजूने येतो त्याच बाजूने तो चित्रातही आलेला दिसावा, हा दुसरा. दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा मानावा. कोपरान् कोपरा सारखा उजळलेल्या चित्रात दार कुठे, माजघर किती आत, दिवसाची वेळ कोणती, यांतले काहीच कळत नाही. मोठ्या खिडक्या आणि पांढरे छत गृहीत धरून लिहिलेल्या सूचना मराठवाड्यातल्या जुन्या घरात निरुपयोगी ठरतात. म्हणून ही नोंद उमापूरसारख्या गावातील घरे समोर ठेवून केली आहे.

घरे : उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गाव. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. या भागात माळवदाची, पत्र्याची आणि स्लॅबची घरे शेजारी शेजारी आढळतात आणि प्रत्येकात उजेडाची तऱ्हा निराळी असते. माळवदाच्या घराच्या भिंती जाड, बाहेरच्या अंगाला खिडक्या थोड्या, वर लाकडी तुळया आणि मातीचे छत. उजेड येतो तो दारातून, चौकातून किंवा छतात ठेवलेल्या झरोक्यातून. प्रवेशदाराजवळच्या ढाळजेत तो भरपूर असतो, ओसरीवर मवाळ होतो आणि माजघरात पोचेपर्यंत अगदी थोडा उरतो. धुराने काळ्या पडलेल्या तुळया आणि सारवलेली जमीन आलेला उजेड गिळून टाकतात. त्यामुळे तेथे सावल्या गडद पडतात, पण माणसाच्या चेहऱ्याला उठाव येतो तोही त्याच सावल्यांमुळे. पत्र्याच्या घरात छत ठेंगणे असते. उजेडासाठी मध्येच फायबरचा अर्धपारदर्शक पत्रा बसवलेला असेल, तर बरोबर डोक्यावरून प्रकाश पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. हा पत्रा हिरवा असेल, तर सगळ्या खोलीवर हिरवी छटा चढते. स्लॅबच्या घराचे पांढरे छत छायाचित्रकाराच्या फार उपयोगी पडते. भिंतींचे पोपटी, आकाशी, गुलाबी रंग मात्र त्रास देतात.

सूर्य : उमापूर सुमारे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १७ मे आणि २६ जुलै या तारखांच्या आसपास येथे सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्या काळात झरोक्यातला कवडसा सरळ खाली जमिनीवर पडतो आणि दक्षिणेच्या दारातून मध्यान्हीचे ऊन आत येत नाही. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो. तेव्हा दोन मीटर उंचीच्या दक्षिणमुखी दारातून ऊन जवळजवळ तेवढेच आत पोचते आणि तीन मीटर उंचीवरच्या झरोक्याचा कवडसा पावणेतीन मीटर उत्तरेला सरकून बहुधा भिंतीवर चढतो. भिंत चुन्याने रंगवलेली असेल, तर तो कवडसाच साऱ्या खोलीचा दिवा होतो. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. येथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वाबाराच्या थोडे आधी माथ्याच्या रेषेवर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यात पाऊणच्या सुमारास. एकच झरोका असलेल्या खोलीचे चित्र घ्यायचे असेल, तर हा अर्ध्या तासाचा फरक हिशेबात धरावा लागतो.

उजेडातील तफावत : भर उन्हात अंगणात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, तर माजघरात शंभर लक्सही कठीण. म्हणजे हजारपटींचा फरक. प्रकाश दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉप, या मापाने तो दहा स्टॉप भरतो. डोळा अंगणातून माजघरात गेल्यावर हळूहळू सरावतो. कॅमेऱ्याला मात्र दोन्ही एकाच क्षणी टिपायचे असतात. उघडे दार चौकटीत घेतले की दार पांढरे फटक आणि खोली काळीठिक्कर, असा अनुभव बहुतेकांना येतो तो यामुळेच. त्यावर उपाय तीन. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर चित्र घ्यावे, म्हणजे तफावतच कमी होते. कॅमेरा तिवईवर ठेवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन किंवा पाच चित्रे घ्यावीत आणि संगणकावर एकत्र करावीत; मात्र यात माणसे असतील तर त्यांना हलू देता येत नाही आणि जोडकाम सढळ हाताने केले की भिंती राखेसारख्या दिसू लागतात. तिसरा उपाय म्हणजे आतला उजेड वाढवणे.

आतला उजेड : फ्लॅश वापरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दारा-खिडकीबाहेरचे दृश्य किती उजळ दिसेल, ते शटरचा वेग, भिंगाचे छिद्र आणि आयएसओ या तिन्हींवर अवलंबून असते. फ्लॅशचा लखलखाट इतक्या थोड्या वेळाचा असतो की त्याच्यावर शटरच्या वेगाचा परिणाम होत नाही, फक्त छिद्राचा व आयएसओचा होतो. म्हणून छिद्र एफ ८च्या आसपास ठेवून आधी शटरच्या वेगाने बाहेरचे दृश्य जुळवून घ्यावे आणि मग फ्लॅशची ताकद कमी-जास्त करून खोली उजळावी. शटरचा वेग कॅमेऱ्याच्या फ्लॅश-मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या भागापलीकडे नेऊ नये. कॅमेऱ्यावरून समोर रोखलेला फ्लॅश टाळावाच. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. एक मीटरवरचा माणूस पांढरा पडतो आणि चार मीटरवरच्या भिंतीला त्याचा सोळावा हिस्साच मिळतो. पांढऱ्या छतावर फ्लॅश मारला, तर सुमारे ८० टक्के प्रकाश पसरून परत येतो. काळ्या तुळयांवर मारला, तर जवळजवळ काहीच येत नाही. तेथे फ्लॅश दाराबाहेर किंवा चौकात उभा करून दारावर ताणलेल्या पांढऱ्या धोतरातून आत सोडावा. धोतराचे सुती कापड प्रकाश छान पसरवते. सिनेमाच्या सेटवर हेच काम बटर पेपर करतो. कापड ताणल्याने दारच मोठा मऊ दिवा बनते आणि उजेडाची मूळ दिशा ढळत नाही.

फ्लॅश नसेल, तर आरसा घ्यावा. अजिंठा आणि वेरूळ येथे आरसे किंवा चकचकीत पत्रे धरून बाहेरचे ऊन लेण्यांत वळवण्याची रीत वाटाड्यांनी पुष्कळ वर्षे चालवली. अंगणात अर्धा चौरस मीटर आरसा उन्हात नीट धरला, तर त्यातून ९ वॉटच्या तीस-चाळीस एलईडी दिव्यांइतका प्रकाश आत जातो. तो माणसावर थेट पाडू नये. माजघरातल्या पांढऱ्या चादरीवर पाडावा आणि चादरीवरून पसरू द्यावा. सूर्य दर चार मिनिटांना एक अंश सरकतो, त्यामुळे आरशाजवळ एक माणूस सतत लागतो. घरातली मुले हे काम मोठ्या आवडीने करतात.

रंग : दुपारच्या उन्हाचे रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचे २७००, बाजारात सर्रास मिळणाऱ्या पांढऱ्या एलईडीचे ६५०० आणि समईच्या ज्योतीचे १९००च्या आसपास. हे सगळे एका चित्रात आले की चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी तांबूस दिसते. सर्वांत सोपा आणि बहुधा योग्य मार्ग म्हणजे खोलीतले दिवे मालवून दाराच्या उजेडावर काम करणे. पोपटी किंवा निळ्या भिंतीवरून परतलेला प्रकाश त्या भिंतीचा रंग घेऊन येतो. अशा घरात फ्लॅश भिंतीवर मारू नये. छतावर किंवा उभ्या धरलेल्या पांढऱ्या कापडावर मारावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटरचा वेग फार जास्त ठेवला, तर चित्रात आडवे काळे पट्टे येतात. सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की ते जातात.

इतिहास : घराच्या आत चित्र घेणे छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात फार कठीण होते. १८६४ पासून मॅग्नेशियमची तार जाळून काळोखात चित्रे घेतली जाऊ लागली. १८८७ मध्ये जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी फ्लॅशची भुकटी आणली. जेकब रीस याने ती वापरून न्यूयॉर्कमधील गरीब वस्त्यांच्या खोल्या टिपल्या. त्यांवर आधारलेले त्याचे पुस्तक १८९० मध्ये निघाले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि १९४८ पर्यंत राहिले. त्या राज्यात निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) राजवाड्यांची झुंबरांनी भरलेली दालने काचेच्या प्लेटांवर उतरवत होते. त्यांची ही चित्रे आजही जपलेली आहेत. त्या काळातल्या मराठवाड्याच्या खेड्यातील माजघराचे चित्र मात्र शोधूनही सापडणे कठीण, आणि ही उणीव आजच्या छायाचित्रकाराने मनावर घ्यावी अशी आहे. माळवदे उतरवून त्या जागी स्लॅब टाकले जात आहेत, धान्याची बळदे बुजवली जात आहेत. उजेडाच्या जुन्या वाटाही त्यांच्यासोबत बुजतात.

चौकाच्या उजेडाबाबत सर्वांत मोलाचा धडा सिनेमातून मिळतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी काशीच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यावर पांढरे कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून खाली परतवला. चौकात वरून उतरणारा आभाळाचा सावलीविरहित उजेड त्यामुळे हुबेहूब साधला. माजघरातल्या मंद उजेडाबाबतचा धडा छायाचित्रकार बेनॉय बेहल यांच्याकडून घ्यावा : त्यांनी १९९१ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रे फ्लॅश न लावता, अत्यंत मंद उजेडात दीर्घकाळ शटर उघडे ठेवून टिपली. तिवई आणि धीर असेल, तर माजघरातही हीच रीत चालते.

महालक्ष्म्या : मराठवाड्यात ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि घराच्या आतली पुष्कळ छायाचित्रे भाद्रपदातल्या या तीन दिवसांत निघतात. दिवस पावसाळी असल्याने दारातून येणारा उजेड आयताच मऊ असतो. अडचण येते ती सजावटीच्या दिव्यांची. निळ्या-जांभळ्या एलईडी माळांमुळे मुखवट्यांचा रंग पार बदलतो आणि पितळी मुखवट्यावर प्रत्येक दिव्याचा पांढरा ठिपका उमटतो. मखराच्या पायथ्याशी ठेवलेला फोकस खालून उजेड फेकतो. त्याने चेहरा उग्र दिसतो, आणि महालक्ष्मीचा चेहरा उग्र दिसणे कुणालाच रुचत नाही. चित्रापुरता हा फोकस बंद करावा, माळा चालू ठेवाव्यात आणि एकाच बाजूने, दाराच्या अंगाने, कापडातून मोठा मऊ प्रकाश द्यावा. साडीचे काठ आणि जरतार त्या तिरप्या उजेडातच खुलतात. स्वस्त माळा सेकंदाला पन्नास वेळाच लुकलुकतात. शटरचा वेग पंचविसाव्या भागापर्यंत खाली आणला म्हणजे त्यांतला एकही दिवा विझलेला येत नाही.

देवघरातल्या समईचे चित्र दिवेलागणीलाच घ्यावे. सूर्य मावळल्यावर येथे वीस-पंचवीस मिनिटेच संधिप्रकाश टिकतो. तेवढ्या वेळात एक क्षण असा येतो की खिडकीतला निळसर उजेड आणि ज्योतीचा उजेड तुल्यबळ होतात. त्याआधी ज्योत फिकी पडते; त्यानंतर ज्योतीशिवाय काहीच दिसत नाही. कॅमेऱ्याचा रंगसमतोल आपोआप ठरू देऊ नये, ३२००च्या जवळ बांधून ठेवावा; नाहीतर ज्योत पांढरी होऊन बसते.

काच आणि स्टील : भिंतीवरच्या तसबिरी, आरशाचे कपाट, टीव्ही आणि मांडणीवरची स्टीलची भांडी यांत दिवा आणि स्वतः छायाचित्रकार हमखास दिसतो. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. त्यामुळे तसबिरीच्या काचेत कॅमेऱ्याच्या जागेवरून जे दिसते त्या टापूबाहेर दिवा ठेवला की चमक जाते. तसबिरीच्या वरच्या कडेमागे घडी घातलेला कागद सारून ती किंचित झुकवली तरी पुरते. ध्रुवण फिल्टर काचेवरची आणि फरशीवरची चमक कमी करतो, धातूवरची नाही. भांड्यांचा इलाज एकच : त्यांच्यात काय दिसावे ते आपण ठरवायचे. समोर पांढरी चादर धरली की भांडी शुभ्र उजळतात. मांडणी अर्धवट रिकामी करून चमक टाळू नये. ओळीने लावलेली भांडी ही त्या घरातल्या बाईची मांडणी असते आणि चित्रात ती तशीच यावी.

कोपी : बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी हंगामाचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे पाचट-ताडपत्रीच्या झोपडीत, राहतात. तेही त्यांचे घरच. कोपीला एकच तोंड, आत उजेड परतवणारी एकही भिंत नाही, आणि वर ताडपत्री असेल तर सगळे निळे. फ्लॅशने येथे पाचट आणि ताडपत्री उजळते, माणूस सपाट होतो. तोंडाशी बसलेल्या माणसाच्या आतल्या बाजूला पांढरी चादर उभी धरली, तर बाहेरचा उजेड तिच्यावरून परतून चेहऱ्याच्या सावलीत उतरतो. एवढे पुरेसे असते. रीस आणि त्याचे सोबती रात्री अचानक खोलीत शिरून भुकटी पेटवत, त्या भुकटीने दोनदा घराला आगही लागली. त्याच्या चित्रांनी सुधारणा घडवल्या हे खरे असले, तरी ती रीत कोपीत चालवू नये. तोडणीला माणसे पहाटेच निघतात, म्हणून वेळ त्यांना विचारून ठरवावी आणि चित्र काढून झाल्यावर ते त्यांना दाखवावे.

मोबाइल : आज बहुतेक घरे मोबाइलवरच टिपली जातात. मोबाइल एका दाबात अनेक चित्रे घेऊन ती आपोआप जोडतो, त्यामुळे दाराबाहेरचे आणि आतले दोन्ही बऱ्यापैकी दिसते. पण अंधार असेल तेथे तो आपणहून उजळवतो आणि संध्याकाळचे माजघर दुपारसारखे करून ठेवतो. पडद्यावर बोट दाबून धरून उजेडाची पट्टी खाली ओढली, की खोली डोळ्यांना दिसते तेवढीच उजळ येते.