आमचा टफी पामेरियन नव्हताच!

आज गड नाही, लढाई नाही. आजचा इतिहास आहे एका पांढऱ्याशुभ्र, झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याचा.

मी डाळजचा. पुणे-सोलापूर हायवे एका बाजूला, उजनीचं पाणी दुसऱ्या बाजूला. मी लहान असताना नानांनी पुण्याहून एक पिल्लू आणलं. नाव काय ठेवलं? टफी! १९९४ साली ‘हम आपके है कौन’ आला आणि त्यातल्या टफीमुळे गावोगावच्या पांढऱ्या कुत्र्यांचं एकदमच बारसं झालं. सगळे त्याला ‘पामेरियन’ म्हणायचे. आम्हीही.

गंमत अशी, की सिनेमातला टफीही पामेरियन नव्हता आणि आमचाही नव्हता. दोघेही इंडियन स्पिट्झ. पामेरियन आज जेमतेम दीड ते सव्वातीन किलोचा असतो. आमचा टफी कांद्याच्या काट्यावर ९ किलो भरला होता!

मग हा घोळ झाला कुठून? दोघांचं मूळ कूळ एकच, युरोपातले स्पिट्झ. जर्मन भाषेत स्पिट्झ म्हणजे टोकदार. उभे कान, निमुळतं तोंड आठवा. पोमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा थंड प्रदेश, आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला. तिकडचे हे कुत्रे तेव्हा चांगले मोठे होते. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरिया इटलीत फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा लहान चणीचा कुत्रा घेऊन आली. राणीकडे छोटा म्हटल्यावर सगळ्यांनाच छोटा हवा झाला. पैदास करणारे लहानात लहान पिल्लं निवडत गेले आणि पामेरियन मांडीवर मावू लागला. इकडे भारतात इंग्रजांच्या काळात आलेल्या स्पिट्झची पैदास वेगळ्या वाटेनं झाली. इथलं ऊन, इथलं खाणं सोसणारा कुत्रा तयार झाला, पण नाव मात्र पामेरियनचंच चिकटलं.

आता म्हणाल, नावानं काय फरक पडतो? पडतो. आम्ही त्याला खेळणं समजलो. तो भुंकला की आजी सोडून सगळे ओरडायचे. आजी म्हणायची, “अरे, राखणीचं जनावर हाय ते, भुकणारच.” आजीनं इतिहास वाचला नव्हता, पण बरोबर तीच होती. स्पिट्झ पूर्वापार घरादाराची राखण करत आलेत.

एका एप्रिलमध्ये मी मोठी चूक केली. उकडतंय बिचाऱ्याला, म्हणून कात्रीनं त्याचे केस पार कातडीपर्यंत कापले. दोन दिवसांत पाठ लाल झाली. दुपारी तो धापा टाकत पडला, पाणीसुद्धा पिईना. डॉक्टर म्हणाले, “केसांचे दोन थर असतात याला. थंडीसारखंच ऊनही अडवतात ते.” कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. टफी वाचला, पण पाठीवरचे केस पुन्हा कधी धड आले नाहीत. ती पाठ बघितली की मला माझी कात्री आठवायची.

म्हणून तुमच्याकडे असा झुबकेदार गडी असेल तर एवढं करा. केस भादरू नका, आठवड्यातून दोन-तीनदा मुळापासून विंचरा आणि तेव्हाच गोचीड बघा. फिरायला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर न्या. डांबरावर आधी आपला तळहात टेकवा, चटका बसला तर त्याच्या पायालाही बसणार. आपल्या इंदापूर-बारामतीकडे द्राक्षं भरपूर, पण कुत्र्याला एकही देऊ नका, किडनी निकामी होऊ शकते. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. आणि रेबीजची लस डॉक्टर सांगतील त्या तारखेला म्हणजे त्याच तारखेला.

टफी आमच्याकडे १२ वर्षं जगला. शेवटच्या दिवसापर्यंत फाटकाशी कुणी आलं की भुंकायचा. आज कुणी त्याला पामेरियन म्हटलं तर मी लगेच दुरुस्त करतो. निदान त्याचं खरं नाव तरी त्याला मिळावं.

तुमच्या गल्लीत किती टफी होते, मोजून ठेवा. भेटू पुढच्या भागात!