लोहगावची धावपट्टी

पुण्यातल्या आयटीवाल्याला लोहगाव माहीत असतं ते पहाटेच्या बंगलोर फ्लाइटमुळे. वारकऱ्याला विचारा, तो म्हणेल तुकोबांचं आजोळ. पण मंडळी, या गावाची तिसरी ओळख लढाईची आहे.

आमच्या जळगावची धावपट्टी १९७३ ची, म्हणजे महायुद्ध संपून पाव शतक उलटल्यावरची. लोहगावची १९३९ ची. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांनी हा तळ उभारला. युद्धात इथे स्पिटफायर, वेलिंग्टन आणि मॉस्किटो होती. मॉस्किटो म्हणजे नाव डासाचं आणि अंग चक्क लाकडाचं!

स्वातंत्र्यानंतर आली लिबरेटर. ही अवजड अमेरिकन बॉम्बर युद्ध संपल्यावर कानपूरला भंगारात काढली होती. पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम तोडफोडही केलेली. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसेक डागडुजी करून बंगलोरला उडवत नेली आणि नीट केली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जुगाड म्हणा, पण याला इंजिनिअरिंगच म्हणतात.

लोहगावचा मोठा दिवस म्हणजे १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची कारवाई. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांना मिळालेला हुकूम वाचण्यासारखा आहे: दाबोळीची धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलला आणि इतर सोयींना धक्का लावू नका. विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली इथून बारा कॅनबेरा उडाली आणि काही मिनिटांत त्यांनी ६३,००० पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. मग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची आठ कॅनबेरा गेली. टर्मिनल शाबूत राहिलं. शेजारी उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानंही शाबूत राहिली.

त्याच रात्री धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून ती दोन्ही विमानं कराचीला निसटली. आत अधिकाऱ्यांची बायका-मुलं होती.

आता कुणी म्हणेल, वीस बॉम्बर जाऊनही धावपट्टी बंद पडली नाही, म्हणजे मोहीम फसलीच की! मला तसं वाटत नाही. ती विमानं उभी असतानाच जाळणं सोपं होतं, पण त्याने पदरात काय पडलं असतं? दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, पोर्तुगीजांनी शरणागती पत्करलीच. उद्या जे आपलंच होणार आहे ते आज किती मोडायचं, एवढा हिशोब हुकूम देणाऱ्याने आधी करून ठेवला होता. लढाईत तो सहसा कुणी करत नाही.

पुढच्या वेळी गोव्याला जाताना दाबोळीला उतरलात, तर धावपट्टीकडे एकदा नीट बघा.