सहा चोक पंचवीस!

दिवाळीत शेलूबाजारला (तेव्हाचा अकोला जिल्हा, आताचा वाशीम) आजोबांची १९५६ सालची उधारीची वही सापडली. हिशोब सगळा आण्यांत. म्हटलं, चला, एक्सेलमध्ये टाकू. आण्याचे पैसे काढायला १०० ला १६ ने भागलं, फॉरमॅटमध्ये दशांश स्थळं शून्य ठेवली. चार ओळींत ६, ६, ६, ६ आणि खाली बेरीज २५!

एक्सेल चुकलं नव्हतं. सेलमध्ये ६.२५च होते, फॉरमॅटने पाव पैसा फक्त झाकला होता.

१ एप्रिल १९५७ ला मात्र तो पाव खरोखरच उडाला. रुपया १६ आण्यांऐवजी १०० नव्या पैशांचा झाला. सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९, चार म्हणजे २५. म्हणजे बघा, चार आणे एकदम मिळाले तर २५, पण एकेक आणा चार गिऱ्हाइकांकडून नव्या पैशांत घेतला तर २४च! आण्याआण्याने विकणाऱ्या दुकानदाराचा एक पैसा गेलाच.

असो. आता ऑफिसच्या शीटमध्ये राउंड लिहिण्याआधी मी स्वतःला विचारतो, बाबा रे, झाकायचंय की उडवायचंय?