'लाचार' : एका शब्दाची घसरण

मराठीत 'लाचार' हा शब्द शिवीच्या शेजारी जाऊन बसला आहे. ज्याला आपण लाचार म्हणतो, त्याच्याविषयी कणव नव्हे, किळस वाटते. व्युत्पत्तीचा मात्र ह्या अर्थाला आधार नाही. अरबी 'ला' म्हणजे नाही, फार्सी 'चारा' म्हणजे उपाय. ज्याच्यापाशी उपाय उरला नाही तो लाचार. ('दुसरा चारा नाही' ह्यातला चारा तो हाच, वैरणीशी त्याचा संबंध नाही.) संस्कृत 'अगतिक' ह्याच घडणीचा, 'नाइलाज'ही तसाच. तिघांचा शब्दार्थ जवळपास एक, नशीब मात्र निरनिराळे. अगतिकाला सहानुभूती लाभली. नाइलाज ही सभ्य माणसाची सबब झाली, आमंत्रण नाकारताना वापरण्याजोगी. लाचाराच्या वाट्याला तिरस्कार आला.

माझा तर्क असा : फार्सी ही आपल्याकडे शतकानुशतके दरबाराची आणि कचेरीची भाषा होती. तिथे निरुपाय झालेला माणूस दिसे तो अर्ज घेऊन, हात जोडून, वाकून उभा असलेला. मराठीने त्याची अडचण विसरून वाकणे तेवढे लक्षात ठेवले. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण अधिक उदार आहे. पाय धरणारा तिथे हरीच राहतो, आणि 'अडला' हे कारण आधी सांगितले जाते.

उर्दू-हिंदीत ही घसरण झाली नाही. तिथे लाचार म्हणजे आजही असहाय. भिवंडीच्या कामतघरसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत, जिथे मराठी, तेलुगू आणि उत्तर प्रदेशातली हिंदी-उर्दू शेजारी नांदतात, हे दोन अर्थ समोरासमोर येतात. मुंबईतल्या १९८२च्या गिरणी संपानंतर कापडाचे पुष्कळसे काम भिवंडीच्या मागांकडे वळले, आणि त्यामागोमाग उत्तरेकडले कामगारही आले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. माग थांबले, विणलेल्या कापडावर मजुरी मिळवणाऱ्याची कमाई माग थांबताच संपते. मेच्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिकांची विशेष गाडी सुटली. त्या दिवसांत 'हम लाचार हैं' म्हणणारा विणकर केवळ वस्तुस्थिती सांगत असे. मराठी कानाला तीच कबुली वाटते, स्वाभिमान सोडल्याची. म्हणून अशा माणसाचा अर्ज मराठीत उतरवताना हा शब्द तसाच ठेवून चालत नाही. तिथे 'हतबल' लिहावे लागते.