बीजभांडवल : तळेगाव ते पवई

मंडळी, बियाण्याची महती तुम्हांला मी काय सांगावी? घरात ओढाताण झाली तरी शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावीत नाही. पेरलेले सगळेच उगवते असे नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. तरी मृग बरसला की दाणा मातीत टाकतोच. उद्योगालाही असा पहिला पैसा लागतो. त्याला बीजभांडवल म्हणतात.

संशोधकाला हा पैसा मिळणे फार कठीण. बँक तारण मागते. डोक्यातली युक्ती तारण कशी ठेवावी? प्रयोगशाळेत बाटलीभर झालेला पदार्थ कारखान्यात पिंपभर होईपर्यंत वर्षे जातात. तोवर खर्च चालू, विक्री मात्र शून्य. या खिंडीत कितीतरी चांगल्या कल्पना अडकून पडतात.

मुंबईत विल्सन कॉलेजात त्रिभुवनदास गज्जर नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर काढून दिले, ते यांनीच. गिरगावात त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. पुढे १९०७ साली त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि अमीन यांच्या साथीने ‘अलेंबिक’ ही रसायनांची व औषधांची कंपनी उभी राहिली. गज्जरांना असे शिष्य लाभले. पण ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याने काय करावे बरे?

याचे एक उत्तर अंताजी दामोदर काळे यांना सुचले. दर माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा, बस्स! त्या काळी रुपयाचे ६४ पैसे. म्हणजे चौसष्ट जणांनी हात सैल केला, की कुठे एक रुपया जमे. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती तो सोपवला. विद्या एका माणसाची, पैसा हजारोंचा. या कारखान्याने काच तर केलीच, पण कारागीरही घडवले. तिथे शिकलेली माणसे पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. पेरलेल्या पैशाचे खरे पीक हेच.

आता आजच्या काळात या. मी राहतो दहिसरला. आमची नदी तुळशी तलावाकडच्या डोंगरांतून उतरते. त्याच डोंगरांच्या दक्षिणेला पवई, आणि तिथे १९५८ साली सुरू झालेली आयआयटी. या संस्थेत २००४ साली ‘साइन’ची स्थापना झाली. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी काढलेल्या नव्या कंपन्यांना ती जागा, सल्ला आणि सुरुवातीचे पैसे मिळवून देते. रोपवाटिकाच म्हणा ना! आयआयटीत शिकलेल्या अंकित मेहता, राहुल सिंह व आशिष भट यांची ‘आयडियाफोर्ज’ कंपनी २००७ साली निघाली आणि याच वाटिकेत वाढली. ती ड्रोन, म्हणजे वैमानिकावाचून उडणारी याने बनवते. २०२३ साली तिचे शेअर बाजारात आले. पेरणीपासून बाजारापर्यंत सोळा वर्षे!

२०२१ साली केंद्र सरकारने बीजभांडवलासाठी ९४५ कोटी रुपयांची योजना सुरू केली. कल्पना पडताळून पाहण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि माल बाजारात नेण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा रोखे, असा तिचा साचा. पैसा अशा रोपवाटिकांमार्फतच दिला जातो. तो सरकारी तिजोरीतला आहे, म्हणजे साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या तुमचाआमचा आहे.

यातले काही बुडणारच. मग आपण जाब विचारू नये का? जरूर विचारावा. पण पैसा परत आला का, एवढेच विचारून थांबू नये. त्यातून कोण काय शिकले आणि ती विद्या पुढे कुठे गेली, हेही विचारावे. तळेगावचा हिशेब याच मापाने मोठा ठरतो.

शिक्षकमित्रांनो, तुमच्या वर्गात एखादे पोर जुना पंप खोलून काही नवे जोडू पाहत असेल, तर त्याच्या पहिल्या सामानासाठी गावात शब्द टाका. शंभर जणांनी दहा-दहा रुपये काढले, तर हजार होतात. आपल्या पणजोबांनी तर एकेका पैशावर भट्टी पेटवली होती.